भुवईवरचा वण

गिरणीवाल्या मारोतीनं पिठाचा डबा कट्ट्यावर ठेवला, हात झटकले आणि रांगेतल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "काकू, जेवलास का?" आणि हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. उलट मानच होता, आपल्या गिरणीत दळण आणणारी बाई टीव्हीवरच्या गाण्यात आहे याचा मान. पण इंदूचा हात डब्याच्या कडीवर तसाच राहिला. चार महिन्यांपासून हे दोन शब्द नांदेडच्या रस्त्यांवर मोकाट सुटले होते. रिक्षात वाजत होते, कॉलेजची पोरं एकमेकांना खांद्यावर थाप मारून विचारत होती, एका खानावळीनं तर पाटीवरच रंगवून घेतले होते. शब्द तिचेच होते, पण आता ते तिला ओळख देत नव्हते. रांगेतल्या एका बाईनं कडेवरचं पोर सावरत तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीच का वं त्या, गाण्यातल्या?" इंदू हो म्हणाली. "आमच्या घरात सगळे रडतेत बघा ते गाणं लागलं की. माझ्या सासऱ्याला पण रडू येतंय." मग तिनं इंदूला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पण पोराला सोडून कसं राहवलं वं तुम्हाला?" गिरणीचा पट्टा फटफटत होता. इंदू म्हणाली, "लेकीची परीक्षा होती." रांगेतल्या साऱ्या माना एकदम हलल्या, हाव, ते बी खरंच आहे. हे वाक्य इतक्या वेळा बोलून झालं होतं की ते आपोआप तोंडातून बाहेर यायचं. तिनं गरम डबा कमरेवर घेतला आणि घराची वाट धरली.

वाटेत तिला वाटत राहिलं की आपण एखाद्या दुसऱ्याच बाईचं दळण घेऊन चाललोय. त्या गाण्यातल्या बाईचं. ती बाई सगळ्यांना आवडत होती. तिला माफ करून टाकायची सगळ्यांना घाई झाली होती आणि माफ करताना जे गोड वाटतं त्याचीही चटक लागली होती. गाणं तिच्या मुलानं, यज्ञेशनं, मागच्या वर्षी केलं, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, स्वतःच लिहिलं, स्वतःच चाल लावली. पहिल्यांदा म्हटलं ते कॉलेजच्या गॅदरिंगला. तिथं तिसरा नंबर आला. वीतभर उंचीचा एक कप घेऊन तो घरी आला आणि काही न बोलता जेवायला बसला, तेव्हा तीच म्हणाली होती, तिसरा तर तिसरा, नंबर तर आला. तो कप तिनं शोकेसमध्ये ठेवला आणि पुढं त्यात सेफ्टी पिना अन् सुटी बटणं साठत गेली. मग विद्यापीठाचा युवक महोत्सव, तिथं पहिला. मग लातूरला राज्यस्तरीय गीतस्पर्धा, तिथंही पहिला, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, लातूरचेच लोक. मग कुणीतरी मोबाईलवर घेतलेलं चित्रण गावोगाव फिरलं, मुंबईच्या एका वाहिनीनं बोलावून घेतलं, आणि आता शेवटच्या चारांत तो होता. पुढच्या रविवारी अंतिम फेरी. तिच्या नवऱ्यानं, अनंतरावांनी, ऑफिसमधल्या प्रत्येकाच्या मोबाईलवरून मत टाकून घ्यायचा विडा उचलला होता. जिल्हा परिषदेत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही.

तिनं ते गाणं पहिल्यांदा ऐकलं युवक महोत्सवात, दुसऱ्या रांगेत बसून, चांगली साडी नेसून. पोरगा गाणार एवढंच माहीत होतं, काय गाणार ते त्यानं सांगितलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि सुरू केलं, 'साडेआठचा फोन, आई, साडेआठचा फोन, जेवलास का, जेवलास का, दुसरं बोलतं कोण.' अनंतराव तिच्या कानाशी म्हणाले, अरे, आपलंच आहे की हे. पुढं मेसच्या डब्याचं आलं, बापानं शिवलेल्या उलट्यासुलट्या बटणांचं आलं, आणि मग ती ओळ आली, 'मागे कुणी हसत होतं, तू म्हणालीस टीव्ही.' अकरा वर्षांच्या पोरानं फोनमधलं ते हसणं नऊ वर्षं जपून ठेवलं होतं आणि आता ते हजार माणसांसमोर काढून ठेवत होता. पण शेवटच्या कडव्यात त्यानं सूर खाली आणला. 'कांजिण्या माझ्या अंगावर, परीक्षा ताईची. कुणाकुणाला पुरेल गं माया एका आईची.' बायकांनी पदर डोळ्यांना लावले. अनंतराव रडले, अगदी उघड, रुमाल काढून. इंदूला रडू आलं नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि सुटल्याची लाज वाटली. घरी येताना अनंतराव म्हणत होते, गाणंच आहे ते, मनाला लावून घेऊ नको, शेवटी बघ ना किती समजूतदार लिहिलंय पोरानं. लेकीचा, मालविकाचा, उमरीहून फोन आला. ती आता तिथल्या एका खाजगी दवाखान्यात डॉक्टर होती, आयुर्वेदाची पदवी घेऊन. दोन-तीन वर्षं इतकं घासून एम.बी.बी.एस. काही मिळालं नव्हतं. "आई, माझ्या परीक्षेचं नाव आलं गाण्यात," ती म्हणाली, "निकालाचं नाही आलं हे बरं झालं." मग म्हणाली, "तू ठीक आहेस ना?" इंदू म्हणाली, मला काय झालंय. दोघींनी फोन ठेवून दिला.

मालविका दहावीला ब्याण्णव टक्क्यांनी पास झाली तेव्हा घरात चर्चा झालीच नाही. चांगल्या मार्कांची पोर असली की लातूर, आणि लातूर म्हटलं की आईनं खोली करून राहायचं, हे त्या साऱ्या भागात ठरूनच गेलेलं होतं. होस्टेलवर पोरी आजारी पडतात, मेसच्या अन्नानं डोकं चालत नाही, पोरीची जात. बापानं गावी नोकरी सांभाळायची, आईनं गॅसची शेगडी, दोन पातेली आणि पोरगी घेऊन दोन वर्षं लातूरला जायचं. मागे राहणाऱ्या धाकट्याचं काय, असं कुणी विचारत नसे, धाकट्याची पाळी पुढं येणारच असायची. इंदूनं जाताना यज्ञेशच्या शर्टांना नावाच्या पट्ट्या शिवल्या, लोणचं भरून ठेवलं आणि बसस्टँडवर रडली. ते रडणं खरं होतं. इतकं खरं की बस लोह्याच्या पुढं गेली तरी थांबलं नव्हतं. चन्नबसप्पा नावाच्या एका मोठ्या मनाच्या, किंचित बहिऱ्या म्हाताऱ्याच्या घरात वरच्या मजल्यावर ओळीनं सहा खोल्या होत्या आणि सहाही खोल्यांत अशाच आया होत्या, आपापल्या पोरांना घेऊन आलेल्या. पोरं सकाळी सहाला क्लासला जायची ती अंधार पडल्यावर यायची. मधला सगळा दिवस सहा बायकांसमोर रिकामा पडलेला असायचा. इतका रिकामा दिवस इंदूनं लग्नानंतर पाहिलाच नव्हता. पहिले पंधरा दिवस ती त्याला भ्याली. दुपारी बारालाच भांडी घासून व्हायची, आणि मग ती खोलीच्या मध्यभागी उभी राहून ऐकायची, कुणी हाक मारतंय का. इंदू, टॉवेल. इंदू, चष्मा. इंदू, माझी ती फाईल कुठं ठेवलीस. अनंतराव काही वाईट माणूस नव्हते, कधी हात उगारला नाही की शिवी दिली नाही, पण दर पाच मिनिटांनी ते तिचं नाव घ्यायचे. लातुरात तिचं नाव कुणी घेत नव्हतं. सोळाव्या दिवशी ती दुपारी पाय पसरून झोपली आणि चारला उठली, आणि आपल्याला बरं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं.

शेजारच्या खोलीत साखराबाई होती, मुखेडकडची, चार एकर कोरडवाहू मागे ठेवून आलेली. तिचा दयानंद हुशार होता, सगळ्या खोल्यांत तोच एकटा पुढं एम.बी.बी.एस. झाला. साखराबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण पोराचे मार्क ती दशांशापर्यंत तोंडपाठ सांगायची. दोघींची खरी गट्टी जमली पाण्याच्या रांगेत. तो दुष्काळाचा उन्हाळा होता, लातूरचं पाणी आटलं आणि पुढं रेल्वेनं पाणी आलं तोच. टँकरसाठी पहाटेपासून घागरी लावायच्या, घागरीची जागा गेली की भांडणं. इंदूला भांडता यायचं नाही, तिच्या दोन्ही घागरी साखराबाई भरून घ्यायची. पुष्कळ बायका त्या उन्हाळ्यात पोरांना होस्टेलवर टाकून आपापल्या गावी गेल्या. अनंतरावही म्हणाले होते, तू ये, मालविकाचं बघू काहीतरी. इंदू म्हणाली, पोरीला आत्ता एकटं कसं टाकायचं. त्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर बसल्यावर तिनं साखराबाईला विचारलं, तुम्ही नाही का जात. साखराबाई लसूण सोलत होती. "जाऊन काय करू वं ताई," ती म्हणाली. "तिथंबी चूलच हाय अन् इथंबी चूलच हाय. पर इथं कुणी हाका मारत न्हाई." इंदूनं चमकून तिच्याकडे पाहिलं. आपल्या मनातलं हे इतक्या सोप्या शब्दांत सांगता येतं हे तिला माहीत नव्हतं. एवढं तिला नंतर आयुष्यात कुणीच ओळखलं नाही.

त्याच उन्हाळ्यात ती स्कूटी शिकली. चन्नबसप्पांच्या मुलीची स्कूटी होती, मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, गाडी खाली धूळ खात पडलेली. साखराबाईच्या डोक्यातून निघालं, ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला येईल, शिका अन् मला मागं बसवून गंजगोलाईच्या बाजाराला न्या. पोरं क्लासला गेली की दोघी मागच्या मोकळ्या प्लॉटवर जायच्या. बेचाळीस वर्षांची बाई, पदर कमरेला खोचलेला, आणि मागून कॅरिअर धरून धावणारी साखराबाई. दहाव्या दिवशी साखराबाईनं हात सोडला आणि सांगितलंच नाही. इंदू प्लॉटच्या टोकापर्यंत एकटी गेली. कानात वारा होता. वळता येत नव्हतं म्हणून ती सरळ रस्त्याला लागली आणि दोन गल्ल्या पार करून एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगात शिरली, आणि तिथं वाळूत बसून हसत सुटली. ते हसणं दिवसभर संपलं नाही. संध्याकाळी गच्चीवर साखराबाई बाकीच्या बायकांना वाळूत शिरण्याची नक्कल करून दाखवत होती, हँडल धरल्यासारखे हात करून, डोळे मोठे करून, आणि सगळ्या पोट धरून हसत होत्या. खोलीत रेंज नसायची म्हणून साडेआठचा फोन गच्चीवरूनच करावा लागे. तिनं एका कानावर हात ठेवून नंबर लावला आणि विचारलं, जेवलास का. यज्ञेश म्हणाला, तिथं कोण हसून राहिलंय. ती म्हणाली, टीव्ही. सहा खोल्यांत मिळून टीव्ही एकही नव्हता.

मग अनंतरावांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, पोराच्या अंगावर काहीतरी उठलंय, डॉक्टर कांजिण्या म्हणतात. ताप आहे. लिंबाचा पाला आणलाय, गादीखाली घातलाय, तू काळजी करू नको. इंदू उठून गच्चीच्या कोपऱ्यात गेली. आत्ता जायचं, सकाळची पहिली बस, हे तिच्या मनात आलं होतं, तिनं शपथेवर सांगितलं असतं की आलं होतं. पण अनंतरावच पुढं म्हणाले, "तू येऊ नकोस हं. तू येशील अन् परत जाताना मालविकाला घेऊन जाशील हे लचांड. तिला लागलं तर वर्ष जाईल पोरीचं." मालविकाला तिसरीत असताना कांजिण्या येऊन गेल्या होत्या. तेव्हा ते बदलीमुळं उमरीला होते आणि अनंतराव औरंगाबादला पंधरा दिवस ट्रेनिंगला गेले होते. नऊ दिवस आणि नऊ रात्री तिनं एकटीनं काढल्या होत्या, तान्ह्या यज्ञेशला आजोळी पाठवून, पोरीचे हात धरून ठेवत, खाजवू नको, वण राहील म्हणत. एक फोड तरी तिनं खाजवलाच, डाव्या भुवईवर, आणि तिथं ज्वारीच्या दाण्याएवढा वण राहिला. कांजिण्या एकदा आल्या की परत येत नाहीत हे कुणालाही माहीत असतं. अनंतराव तेव्हा घरी नव्हते, त्यांच्या लक्षात राहायचं काही कारण नव्हतं. सांगायचं होतं तिनंच. मागे साखराबाई पुन्हा वाळूत शिरत होती, बायका हसत होत्या. इंदू फोनमध्ये म्हणाली, "हो, ते आहेच." एवढंच. याहून जास्त खोटं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती, आणि याहून जास्त बोलायची गरजही पडली नाही. पुढचे नऊ दिवस ती रोज साडेआठला फोन करत होती आणि रोज सकाळी गाडी शिकत होती. गंजगोलाईपर्यंत गेली. साखराबाई मागे बसून मोठ्यानं देवाचं नाव घेत होती.

नांदेडला परत आल्यावर तिनं एकदा शेजारच्यांची गाडी मागितली होती, बघू म्हणून. अनंतराव म्हणाले, इथं ट्रॅफिक लई आहे, कुठं जायचं तुला, मी नेतो की. साखराबाईच्या मोबाईलचा नंबर पुढं कधीतरी बंद झाला. यज्ञेश बोलायचा, हसायचा, विचारेल ते सांगायचा, पण आजारी पडला की खोलीचं दार लावून घ्यायचा. आठवीपासून तर फारच. ती दाराबाहेर काढ्याची वाटी घेऊन उभी राहायची आणि तो आतून म्हणायचा, ठेव तिथं. वय आहे, असं ती म्हणायची आणि वाटी ठेवायची.

वाहिनीचं म्हणणं असं पडलं की अंतिम फेरीत गाण्याआधी आईची छोटी फिल्म दाखवायची, आणि ती लातूरच्या त्याच गच्चीवर घ्यायची. त्यासाठी सुकन्या नावाची मुलगी मुंबईहून आली, केस बारीक कापलेली, अंगात माया असलेली आणि हातात कायम फोन. ती मूळची लातूरचीच निघाली. गिरणीतल्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी दारात आली. इंदूनं पहाटे उठून ताज्या पिठाच्या भाकरी केल्या होत्या, बेसन केलं होतं, ठेचा बांधून घेतला होता. अनंतरावांनी निघताना तिला बाजूला घेऊन समजावलं, "विचारतील तेवढंच सांग. पोरीच्या शिक्षणासाठी केलं म्हण, मनावर दगड ठेवून म्हण. तसंच तर होतं." ती हो म्हणाली. गाडीत यज्ञेश पुढं बसला, कानात हेडफोन घालून, गळ्याला मफलर गुंडाळून. अहमदपूरला चहाला थांबले तेव्हा तिनं डब्याला हात घातला, पण तो म्हणाला, आत्ता नको आई, घसा जपायचा आहे. आरशात तिला त्याचं कपाळ दिसत होतं. त्याच्याही केसांच्या कडेला दोन वण होते, बारीक. ते पडताना तिनं पाहिले नव्हते.

चन्नबसप्पा गेले होते. घरावर आणखी दोन मजले चढले होते, खोल्या चौदा झाल्या होत्या आणि प्रत्येक दारापुढं बायकांच्या चपला होत्या. नव्या आया दारांत उभ्या राहून शूटिंग बघत होत्या. गच्ची आता पूर्वीच्याहून खूप वर गेली होती, तिथून मागचा मोकळा प्लॉट दिसत नव्हता कारण प्लॉटच राहिला नव्हता. सुकन्यानं तिच्या हातात एक जुना बटणांचा फोन दिला, कुठूनतरी मिळवलेला. "काकू, काही ॲक्टिंग करायची नाही. फक्त फोन कानाला लावायचा आणि विचारायचं. जसं तेव्हा विचारत होता तसंच." इंदूनं फोन कानाला लावला. फोनमध्ये काही नव्हतं. ती म्हणाली, "जेवलास का?" सुकन्या म्हणाली, छान, पण जरा घाई झाली. दुसऱ्यांदा खालून टेम्पो गेला. तिसऱ्यांदा ऊन चेहऱ्यावर आलं. चौथ्यांदा विचारून झाल्यावर सुकन्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, जरा दुःखी. तुमचा मुलगा तिकडं तापानं फणफणलाय, तुम्हाला जाता येत नाहीये. तुमचा इलाजच नाहीये." इंदूनं कानावरचा फोन खाली घेतला. मग म्हणाली, "तुम्ही सगळे खाली जाऊन चहा घेऊन या बाळा. मला जरा पोराशी बोलायचंय." सुकन्याला वाटलं आईला भरून आलं. तिनं सगळ्यांना खाली नेलं.

यज्ञेश पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. इंदूनं हातातला फोन कठड्यावर ठेवला. हे सांगायला तिला नऊ वर्षं लागली होती आणि आता सांगताना आवाज मात्र भाजीचा भाव सांगावा इतका साधा निघाला. "यज्ञेश, तुला कांजिण्या आल्या होत्या ना, तेव्हा मला येता आलं असतं. मालविकाला आधीच येऊन गेल्या होत्या. तिसरीत. तिला काही लागणार नव्हतं. बाबांना माहीत नव्हतं, मला होतं."

तो मफलरचं टोक बोटाला गुंडाळत होता. "माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"ताईच्या भुवईवरचा वण. आठवीत असताना विचारलं मी तिला, हा कशाचा. तिनं सांगितलं." त्यानं मान वर केली नाही. "उमरीला असतानाचा म्हणाली. मी हिशेब केला."

खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. आठवीपासून. काढ्याची वाटी, ठेव तिथं. "मग गाण्यात का नाही घातलंस?" तिनं विचारलं, आणि विचारल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला खरंच हेच विचारायचं होतं, बाकी काही नाही.

"घातलं होतं." आता त्यानं तिच्याकडे पाहिलं, रागानं नाही, एखाद्या कामाबद्दल बोलावं तसं. "गॅदरिंगला तेच कडवं होतं शेवटी. तिसरा नंबर आला. नंतर एक परीक्षक भेटले, ते म्हणाले, गाणं चांगलं आहे रे, पण आईला असं दाखवलं की ऐकणारा माणूस तुटतो. त्याला रडायला जागा ठेव. मग मी बदललं. परीक्षेचं केलं. तेव्हापासून पहिलाच येऊन राहिलो."

सेफ्टी पिनांचा तो कप इंदूच्या डोळ्यांसमोर आला. तिसरा तर तिसरा, ती म्हणाली होती. "म्हणून दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"ते कडवं."

"सगळं नाही आठवत आता." गायला नाही, नुसतं बोलला, घसा जपत. "'ताईच्या भुवईवर जुनाच होता वण. आई, तुला येता आलं असतं, पण.'"

"पुढं?"

"पुढं काही नाही. पुढं म्युझिक होतं."

इंदूनं त्या दोन ओळी मनात धरल्या. त्यांत माया नव्हती, माफीही नव्हती. पण त्या 'पण'मध्ये जागा होती. त्यात मोकळा प्लॉट मावत होता, वाळूचा ढीग, साखराबाईचा सोडलेला हात, कानातला वारा, सगळं मावत होतं. पोरानं तिला एकदा नीट पाहिलं होतं, जशी होती तशी, आणि कुणाला ते आवडलं नव्हतं म्हणून खोडून टाकलं होतं. तिला त्याचा राग आला, जितका आला पाहिजे तितका आला, आणि त्याच्याहून जास्त हेवा वाटला त्या गॅदरिंगमधल्या पोरांचा, ज्यांनी ते कडवं ऐकलं होतं. ती म्हणाली, "तेच म्हण की रविवारी."

"आई." त्यानं पहिल्यांदाच आवाज मऊ केला. "फायनल आहे ती. अन् तू हे सुकन्या मॅडमला सांगू नको. मतं जातील. नंतर कधी सांग पाहिजे तर." मग त्याला काहीतरी वाटलं असावं, तो जवळ आला आणि तिच्या खांद्यावरचं पीठ झटकल्यासारखं केलं. पहाटेच्या भाकरीचं पीठ खरंच तिथं होतं. "तसं मला आता काही वाटत नाही त्याचं," तो म्हणाला. "म्हणून म्हणून गुळगुळीत झालंय ते."

सुकन्या वर आली, मागून कॅमेरावाला. पायऱ्यांवर नव्या आया दाटीनं उभ्या होत्या, त्यांतली एक तरुण बाई पदरानं आधीच डोळे पुसत होती. ऊन उतरलं होतं, उजेड चांगला होता असं कॅमेरावाला म्हणाला. इंदूनं फोन उचलून कानाला लावला. यज्ञेश कॅमेऱ्याच्या मागे उभा होता, हात बांधून. सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही गेलेलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. त्याचे ओठ सुकलेले तिला इथून दिसत होते. डबा खाली गाडीत होता. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "जेवलास का?"

सुकन्यानं नाक ओढलं. "झालं," ती म्हणाली, "काकू, हाच टेक पाहिजे होता." पायऱ्यांवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग यज्ञेशनंही वाजवल्या. इंदू अजून फोन कानाला लावून उभी होती. पाच वेळा तिनं विचारलं होतं, आणि हा पोरगा पाचही वेळा तिच्यासमोर उभा होता. त्यानं सुकन्याला विचारलं, आवाज नीट आलाय ना. ती म्हणाली, एकदम. मग ते दोघं छोट्या पडद्यावर वाकून तिला बघू लागले.